खळदकर, दि. बा.

कार्डं होती तोवर चौघं वेगळे होते.
लाकडी खणात एकामागे एक,
प्रत्येकाच्या कोपऱ्यात माझ्या शिसपेन्सिलीची खूण:
अंजीर. मोटर. कविता. श्रीमती.

दिनकर बाळाजींचं अंजिराच्या लागवडीवर,
सासवडला छापलेलं, एकसष्ट साली.
पानावर तांबेरा कसा चढतो
त्याची आकृती त्यांनी स्वतः काढली. हात कापरा.
दिगंबर बाबूराव भोसरीचे,
जळालेली मोटर पुन्हा कशी गुंडाळावी, आवृत्ती चौथी,
ग्रीसचे डाग मात्र आमच्या वाचकांचे.
दिवाकर बापूजी, नवी पेठ, कविता, स्वखर्चाने.
दोनशेपैकी एकशे साठ प्रती
पुतण्याच्या माळ्यावर आहेत म्हणे,
आणि तीन आमच्याकडे,
कारण आधी दिलीय हे ते दरवेळी विसरायचे.
आणि दिनप्रभा बाळकृष्ण:
रात्रीच्या भाताचं सकाळी काय करावं
याचे एकशे अकरा प्रकार.
प्रकाशक म्हणाला होता,
बाई, आद्याक्षरंच भारदस्त दिसतात.

मग संगणक आला.
अप्पा बळवंत चौकातला एक मुलगा
नोंदीला रुपया या दराने
दोन दिवसांत सगळं भरून गेला.
आता पडद्यावर एकच ओळ उमटते.
खळदकर, दि. बा. पुस्तके नऊ.

वर्गणीदार तीनशे सतरा, टेंगशे,
टेलिफोन खात्यातून निवृत्त,
आम्ही एकला कुलूप काढून हातात घेतलं
की जिना चढणारे,
त्यांनी नऊच्या नऊ नेली,
दोन-दोन करून, सालाच्या क्रमानं.
परत करताना काउंटरवर कोपर टेकायचे.
"बाई, हा माणूस शेतीत बुडाला.
तांबेऱ्यानं बाग गेली असणार.
तसं लिहीत नाही तो, पण कळतं.
म्हणून भोसरीला आला, तारा गुंडाळत बसला."
पुढच्या आठवड्यात आवाज खाली.
"कवितांमध्ये एक पाट येतो ना,
मांडलेला, कोणी न बसलेला?
बायको गेली हो त्याची.
कारण लगेच पुढचं पुस्तक बघा.
एकटा पुरुष, आणि पातेल्यात उरलेला भात.
एकशे अकरा प्रकार, बाई!
दोघांचा भात टाकायची सवय
मोडत नसणार त्याची."

मी सांगणार होते.
तोंड उघडलंसुद्धा होतं.
पण त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला,
पुसतच राहिले,
आणि मी तारखेचा शिक्का मारला.
जरा जोरातच बसला.

दिनप्रभाबाई पर्वतीच्या पायथ्याला राहतात.
दुसरा मजला, लिफ्ट नाही.
कविता त्यांना कळत नाहीत, अंजीर सोसत नाही,
आणि दर महिन्याला एक विनोदी कादंबरी
त्यांचा भाचा बदलून नेतो.
बाळकृष्णराव ठणठणीत आहेत.
ऐकायला तेवढं कमी येतं.

काल टेंगशे डबा घेऊन आले.
शिळ्या भाताचे वडे, प्रकार सत्तेचाळीस.
मीठ जास्त होतं. मी दोन खाल्ले.
"हयात आहे का हो तो?" त्यांनी विचारलं.
"पत्ता नको. नंबर असला तर द्या.
जन्मभर लोकांचे नंबर जोडून दिले,
आपल्यासाठी असा कुणाला लावला नाही."

जिन्याखाली जुना खण आहे अजून.
चौथं कार्ड काढलं. श्रीमती, पुसट.
मागे नंबर, त्याच्या आधी मी नंतर लिहिलेला दोन.
चिठ्ठीवर फक्त आकडे उतरवले.
नाव विचारलं नाही त्यांनी, मीही घातलं नाही.

त्या घरी फोन बाळकृष्णरावच उचलतात.
समोरचा कोण, काय म्हणतोय,
निम्मं कानावर पडत नाही.
मोठ्यानं म्हणतात,
"हो हो, खळदकरच. बोला."